सोमवारी मेलेले उंदीर

प्रिय नेविन,

शेहाताने काल, मंगळवारी, इस्पितळात जाऊन ऑपरेशनच्या यादीतून स्वतःचं नाव काढून घेतलं. डॉ. लबीबनी स्वतः फोन करून मला हे सांगितलं, तेव्हा ऐकीव बातमी समजू नकोस. खाट मिळाली होती, भुलीचे डॉक्टर तपासून गेले होते, रक्ताच्या दोन पिशव्याही राखून ठेवल्या होत्या. तुझा भाऊ दाढी करून, कोट घालून सकाळी दहाला तिथे पोचला आणि खिडकीपलीकडच्या बाईला म्हणाला, "माझं नाव खोडा. माझं औषध घरातच तयार होतंय, बहीण डॉक्टर आहे माझी." लबीब मला म्हणाले, "इगलाल, तुम्ही त्याच्या घरच्यासारख्या. हे कसलं औषध आणलंय त्याने?" मी म्हटलं, विचारून सांगते. विचारण्यासारखं काही नव्हतं. मला ठाऊक होतं.

तुझा निरोप मला गेल्या गुरुवारीच मिळाला होता. फ्रीझरमध्ये एकशेसतरा नंबरच्या औषधाच्या चार कुप्या शिल्लक असतील, त्या बाजूला काढून ठेव, मी पंधरवड्यात येते, शेहाताचा डोस मी बसून काढते. तो निरोप मी दिवसातून दोन-तीनदा वाचत होते आणि उत्तर देत नव्हते. तू परवा विचारलंस तर मी इंटरनेट बंद आहे म्हणून कळवलं. ते खोटं होतं. आज रजा टाकून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहायला बसले आहे. फोनवर माझी जीभ अडखळते आणि तू मला मधेच तोडतेस, म्हणून कागद घेतला. आपल्या प्रयोगशाळेतली नवी संशोधक, रिहाम, संध्याकाळी पानांचे फोटो काढून तुला पाठवेल. तिच्यापासून यातलं काही लपलेलं नाही, थोडं सोडलं तर.

तुला आपल्या फ्रिजच्या दारावरची यादी आठवते? बाकीच्या प्रयोगशाळांमध्ये तिथे सुट्ट्यांचं वेळापत्रक असायचं, आपल्याकडे कुणाचा कोण कुठे जातोय त्याची यादी. हिशामची सासू, मिलान. डॉ. गव्वादांचा भाचा, हॅम्बुर्ग. रीतसर मागवलेली रसायनं कस्टमच्या गोदामात तीन-तीन महिने उन्हात पडायची आणि हातात यायची तेव्हा आतला बर्फ कधीच उडून गेलेला असायचा. तेव्हापासून आपण माणसांवर भिस्त ठेवायला शिकलो. त्या यादीत सगळ्यात वर कायम तुझ्या भावाचं नाव असायचं. बाशमुहंदिस शेहाता, मालवाहू जहाजाचा इंजिनिअर. पहिली कुपी त्याने रॉटरडॅमहून आणली ती थर्मासात बर्फात घालून, आणि वाटेत तेरा दिवस तो थर्मास जहाजाच्या मांसाच्या कोठीत, एका सोललेल्या बकऱ्याच्या पोटात ठेवला होता, कारण आचारी तिथे हात घालणार नाही याची त्याला खात्री होती. प्रयोगशाळेत आला तोच दारातून, थोरल्या बहिणीला मारावी तशी मला हाक मारत, "अब्ला इगलाल, पोरगी आणलीय, नीट सांभाळा!" चिमूटभर पिवळी पूड, हेच ते एकशेसतरा. कुपीवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये. त्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाला, "म्हणजे माझ्या साहेबाला देता येईल."

ही पूड काय करते ते तू त्याला समजावलंस तेव्हा मी शेजारीच पिंजरे धूत होते. पेशीत एक प्रथिन असतं, ते "वाढ, वाढ" असा हुकूम देत राहतं. त्या प्रथिनाला एक खाच असते आणि हा रेणू त्या खाचेत जाऊन बसतो, की हुकूम बंद. शेहाताने ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे बाबांच्या वेळी नव्हतं का?" तू म्हणालीस, नव्हतं.

शनिवारी मी त्याच्याकडे बहरीला गेले होते. तुला न सांगता गेले. तो बाल्कनीत बसून सार्डिन साफ करत होता. बारीक झालाय. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरतं. मला बघून उठला, हात धुतले, चहा केला, त्यात पुदिना जरा जास्तच घातला. मी ऑपरेशनचा विषय काढला तर म्हणाला, "लबीबने पाठवलं ना तुला? किती देतो गं तुला एका माणसामागे?" मी म्हटलं, मला कुणी पाठवलेलं नाही. म्हटलं, एकशेसतरा उंदरांचं औषध आहे, शेहाता, माणसांचं नाही. यावर तो इतका हसला की त्याला खोकला आला. "अब्ला, मी चाळीस वर्षं बोटीवर उंदरांबरोबर काढलीत. एका ताटात जेवलोय म्हण ना. त्यांना चालतं ते मला चालतं." आणि मग थोड्या वेळाने, सार्डिनच्या पोटात बोट घालत, हळू आवाजात, "तूच नाही का सांगितलंस, गाठी सुपारीएवढ्या होत्या त्या वाटाण्याएवढ्या झाल्या म्हणून? मी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवलाय. दोघींच्या." मी चहा संपवला. जिना उतरताना कठड्याला धरून उभी राहिले आणि परत वर जायचं ठरवलं, पण गेले नाही.

पिशवीला तो घाबरतो हे तुलाही ठाऊक आहे. मूत्राशय काढलं की पोटावर पिशवी लावून जगायचं. तुमच्या बाबांनी शेवटची दोन वर्षं तशी काढली. पाहुणे आले की बाबा आपणहून गोठ्याकडे जाऊन बसायचे, वास येईल म्हणून, असं तूच मला सांगितलं होतंस. तुमच्या दमन्हूरकडच्या गावात सगळी मुलं कालव्यात पोहायची आणि सगळ्यांना लाल लघवी व्हायची. बिल्हार्झिया, कालव्यातल्या किड्यांचा रोग, पुढे मूत्राशयात गाठ करणारा. मोठे म्हणायचे, पोरगा वयात आला. शेहाताही त्यातलाच. तू हा विषय निवडलास तो बाबांसाठी, आणि तुझ्या मार्गदर्शकांनी, डॉ. गव्वादांनी, तुला तोंडावर सांगितलं होतं, "घरच्या दुःखावर संशोधन करू नये, पोरी, हात थरथरतो." तुझा हात कधी थरथरला नाही. इंजेक्शनं मी द्यायचे.

आता प्रयोगशाळेबद्दल सांगते. रिहाम तीन वर्षांपूर्वी आली. तुझ्यासारखीच हट्टी, तुझ्यापेक्षा गबाळी. तिला तुझ्या कामाच्या पुढे जायचं होतं, म्हणून आधी तुझाच प्रयोग जसाच्या तसा पुन्हा करायला घेतला. चोवीस उंदीर, तोच डोस, तेच सहा आठवडे. गाठी कमी झाल्या नाहीत. तुलनेसाठी ठेवलेल्या उंदरांच्या गाठींइतक्याच वाढल्या. मला मनातून जरा बरंच वाटलं, खरं सांगते. म्हटलं, तुझा हात चांगला नाही, पोरी, नेविनचं काम वेगळं होतं. तिने पुन्हा केला. पुन्हा तेच. मग एक दिवस माझ्याकडे आली आणि म्हणाली, "अब्ला, तुम्ही तेव्हा नळी कशी वितळवायचात? दाखवा ना."

आपण पूड डीएमएसओमध्ये विरघळवायचो. हातावर सांडलं की मिनिटभरात तोंडात लसणाची चव यायची, आठवतं? हा द्रावक अठरा-एकोणीस अंशांवरच गोठतो. उन्हाळ्यात कुणाच्या लक्षातही येत नाही. पण तुझा प्रयोग जानेवारी-फेब्रुवारीत झाला, उत्तरेकडची खिडकी फुटलेली, तिला पुठ्ठा लावलेला, आणि खोलीत तेरा अंश. दर रविवारी मी आठवड्याची नवी नळी फ्रीझरमधून काढायचे आणि मुठीत धरून बसायचे. पाच-दहा मिनिटांत कडेने पातळ व्हायचं, मधला खडा तसाच राहायचा. मला सतरा पिंजरे उरकायचे असायचे. पातळ झालेलं ओढून घ्यायचे, तेलात मिसळायचे, टोचायचे, आणि नळी दुसऱ्या दिवसासाठी परत आत. रिहामसमोर मी तसंच करून दाखवलं. बोटं तेवढ्यात गार पडली. तिने त्या पहिल्या पातळ थेंबांतलं थोडं आणि उरलेल्या खड्यातलं थोडं घेतलं आणि रसायनशास्त्र विभागात मोजायला दिलं. त्यांनी दोनदा मोजून लेखी कळवलं. हळूहळू गोठताना रेणू खड्यातून बाहेर ढकलला जातो आणि जे आधी वितळतं त्यातच तो साठतो. पहिल्या थेंबांत आपण लिहिलं होतं त्याच्या साडेतीनपट औषध होतं. गुरुवारपर्यंत नळीत जवळजवळ नुसता द्रावक उरायचा. नळी पूर्ण वितळवून नीट हलवली असती तर हे झालं नसतं. हलवायला दहा सेकंद लागतात.

म्हणजे आपल्या उंदरांना रविवारी साडेतीनपट औषध मिळत होतं आणि आठवडा संपेपर्यंत काहीच नाही. तुझ्या प्रबंधातला डोस कधी कुणाला दिलाच गेला नव्हता. रिहामने मग मुद्दाम साडेतीनपट डोस आठवड्यातून एकदा देऊन पाहिला, आठ उंदरांना. गाठी खरंच वाटाण्याएवढ्या झाल्या. आठांपैकी चार मेले. उरलेल्या चारांची यकृतं तिने कापून मला भिंगाखाली दाखवली. मला भिंगाची गरज पडली नाही, नुसत्या डोळ्यांनीही दिसत होतं. एकशेसतरा गाठ मारतं, नेविन, पण ज्या मात्रेत मारतं त्या मात्रेत यकृतही संपवतं. शेहाताचं यकृत आधीच लहानपणच्या कालव्याने पोखरलेलं आहे, हे लबीबनी त्याच्या कागदांवर लाल शाईने लिहून ठेवलंय. हा तिसरा प्रयोग बारा दिवसांपूर्वी संपला. मी तुला त्याच दिवशी कळवायला हवं होतं.

त्यानंतर रिहामने आपली जुनी नोंदवही मागितली. मी कपाटाची किल्ली हरवली म्हणाले. तिने दुसऱ्या दिवशी गव्वादांच्या जुन्या टेबलाच्या खणातून दुसरी शोधून काढली. ते गेले तरी त्यांच्या खणात अजून सगळ्या किल्ल्या आहेत. दुपारभर ती पानं उलटत बसली. मी मुद्दाम लांबचे पिंजरे धूत होते. मग तिने हाक मारली. तिच्या आवाजात रागबिग काही नव्हता, जरा गमतीतच तिने विचारलं, "अब्ला, एक सांगा. त्या वर्षी अलेक्झांड्रियात थंडी काय फक्त सोमवारीच पडायची?"

आपले पाच उंदीर मेले होते. पाचही औषध दिलेल्यांतले आणि पाचही सोमवारचे. पहिल्या सोमवारी वादळ होतं, हे खरं आहे. रात्रभर वीज नव्हती, समुद्राचं पाणी किनाऱ्यालगतच्या कॉर्निश रस्त्यावर आलं होतं, सकाळी पिंजऱ्यात दोन मेलेले सापडले आणि मी वहीत लिहिलं, थंडीने. ते मी मनापासून लिहिलं होतं. पुढच्या तीन सोमवारी एकेक मेला. वीज होती, वादळ नव्हतं. मी पुन्हा तेच लिहिलं, कारण वरच्या ओळीत तेच लिहिलेलं होतं. प्रबंध लिहिताना तू वही घेऊन माझ्याकडे आलीस. मला ती दुपार लख्ख आठवते. तुझ्या हातात अर्धी खाल्लेली पाव-चीजची सुरळी होती. तू विचारलंस, "इगलाल, पाचही थंडीने? खात्री आहे ना? नसेल तर मी ते आकड्यांत धरते, सगळं पुन्हा करावं लागलं तरी चालेल." मी म्हटलं, खात्री आहे. तू ते पाच वगळलेस आणि एका ओळीची टीप टाकलीस. तिथे तुझी चूक एवढीच, की तू माझ्यावर भरवसा ठेवलास. शोधनिबंध छापून आला तेव्हा त्यावर तिसरं नाव माझं होतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणाचंच नाव कुठे छापून आलेलं नव्हतं, लग्नपत्रिका सोडली तर. मी तो अंक प्लॅस्टिकमध्ये घालून महिनाभर पर्समध्ये घेऊन फिरत होते. ट्राममध्ये एका अनोळखी बाईलाही दाखवला होता.

आता जे रिहामलाही सांगितलेलं नाही ते. चौथ्या सोमवारी, शेवटचा उंदीर मेला तेव्हा मी त्याला उघडून पाहिलं होतं. नियमाप्रमाणे पाचही उघडून पाहायचे होते. मी एकच पाहिला, कारण मलाही शंका आली होती. यकृत पिवळट होतं आणि चिमट्यात धरलं तर ओल्या पावासारखं तुटलं. थंडीने असं होत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. बावीस वर्षं मी तेच करत आले होते. तुझ्या मॉन्ट्रियलच्या जागेचं पत्र त्याच आठवड्यात आलं होतं, प्रबंधाला वीस दिवस उरले होते, आणि तू आठवड्यात पहिल्यांदा हसली होतीस. मी तो उंदीर पिशवीत घालून जाळायच्या डब्यात टाकला, हात धुतले आणि वहीत लिहिलं, थंडीने. हे पत्र मी माझ्या मनावरचा भार हलका करायला लिहीत नाही, तसं असतं तर मी ते नऊ वर्षांपूर्वी लिहिलं असतं. लिहितेय ते यासाठी, की शेहाता आपल्या दोघींच्या शब्दावर बसून आहे आणि माझा शब्द खोटा होता. त्या चार कुप्या मी आज सकाळी विभागप्रमुखांच्या स्वाधीन केल्या, तेव्हा त्यांच्यासाठी विमानाचं तिकीट काढू नकोस. आलीस तर त्याच्यासाठी ये. रविवारी मी माझं लेखी निवेदन देणार आहे. निबंध मागे घ्यावा लागेल, तुझी तिथली नोकरीही अडचणीत येऊ शकते. तुला काही माहीत नव्हतं, तू मला विचारलं होतंस आणि मी खोटं सांगितलं, हे मी त्यात दोनदा लिहिलंय. तू माझ्याशी पुन्हा बोलली नाहीस तरी मी समजू शकेन, पण आधी त्याच्याशी बोल. तो माझं ऐकणार नाही, मी लबीबची माणूस ठरले आहे. तुझं ऐकेल. शुक्रवारी नमाजानंतर, दोनच्या सुमारास, तो नेहमीप्रमाणे तुझ्या फोनची वाट बघत बसेल. त्याला सोमवारांचं सगळं सांग, माझ्या नावानिशी सांग, शिव्या घालू दे त्याला. लबीब म्हणाले, गाठ आता स्नायूत शिरली आहे, महिना थांबलं तर कापूनही उपयोग नाही. त्याची खाट त्यांनी पुढच्या बुधवारपर्यंत दुसऱ्या कुणाला दिलेली नाही. बुधवारी सकाळी आठला ते वॉर्डात फेरी मारतील, आणि ती रिकामी दिसली तर पुढच्या माणसाला बोलावतील.

तुझी मैत्रीण म्हणवून घेण्याचा हक्क राहिलाय की नाही ते तू ठरव, तोवर तुझीच,
इगलाल